१२ ऑक्टोबर २०२०: मुंबईची वीज नेमकी कुणी घालवली?

फ्यूज_उडालेला (धागाकर्ता)

सोमवार होता. सकाळचे दहा वाजले होते. मी घरून काम करत होतो, मुलगी शेजारच्या खोलीत झूमवर गणिताच्या तासाला बसली होती. पंखा थांबला आणि ती आनंदाने किंचाळली. थोड्या वेळाने कळलं की वीज नुसती आमच्या बिल्डिंगची किंवा ठाण्याची नाही, अख्ख्या मुंबईची गेलीय. लोकल जागच्या जागी उभ्या. कोविडचे दिवस. समोरच्या विंगमधल्या आजोबांना घरीच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावला होता, त्यांचा मुलगा इन्व्हर्टरसाठी जिने चढउतार करत होता, कारण लिफ्टही बंद. (विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी मुंबईकरांच्या या हालांवर मनसोक्त हसून घ्यावं.)

आज हे उकरून काढायचं कारण म्हणजे परवा भावोजींशी झालेला वाद. ते म्हणाले, "ते चीनने केलं, सिद्ध झालंय." मी म्हटलं, "कुठे?" आणि रात्री शोधत बसलो.

त्या दिवशीचा अधिकृत खुलासा साधा होता. कळवा-पडघा ४०० केव्हीच्या वीजवाहिनीच्या एका सर्किटची देखभाल चालू होती, भार दुसऱ्यावर होता, त्या दुसऱ्यात बिघाड झाला. दोन दिवसांनी राज्याचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत म्हणाले की घातपाताची शक्यता नाकारता येत नाही. मग साडेचार महिने शांतता. २८ फेब्रुवारी २०२१ला न्यूयॉर्क टाइम्सची बातमी आली आणि अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीचा अहवालही. चीनशी संबंधित एका गटाने भारताच्या वीज क्षेत्रातल्या दहा संस्थांना लक्ष्य केलं, त्यात पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रं (ग्रिडमधल्या विजेचा तोल सांभाळणारी), शिवाय दोन बंदरं, असं त्यात होतं. गटाला त्यांनी नाव दिलं रेडएको, हत्याराचं, म्हणजे आत घुसवलेल्या मालवेअरचं, नाव शॅडोपॅड. गलवानमध्ये आपले २० जवान गेले तो जून २०२०, त्यामुळे लोकांनी दोन अधिक दोन चार करून टाकले.

१ मार्चला राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर या राज्याच्याच सायबर यंत्रणेच्या प्राथमिक अहवालाचा हवाला दिला: १४ ट्रोजन (साळसूद रूप घेऊन शिरणारे मालवेअर) आणि परदेशी सर्व्हरवरून आलेला ८ जीबी बेहिशेबी डेटा. दुसऱ्या दिवशी तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. त्यांच्याच खात्याने मात्र त्याआधी मान्य केलं होतं की शॅडोपॅडबद्दल सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा ईमेल नोव्हेंबर २०२०मध्ये आला होता, पण कामावर परिणाम झाला नाही.

आणि गंमत म्हणजे रेकॉर्डेड फ्यूचरच्या मूळ अहवालातच लिहिलंय की या घुसखोरीचा मुंबईच्या अंधाराशी संबंध सिद्ध झालेला नाही. ते वाक्य भावोजींच्या ग्रुपपर्यंत पोचलंच नाही.

तेव्हा चीन की माणूस हा माझा प्रश्नच नाही. एकाच घटनेची तीन मंत्र्यांकडून तीन उत्तरं मिळाली आणि महाराष्ट्र सायबरचा तो अहवाल शोधूनही मला कुठे मिळाला नाही. परदेशी हल्ल्यापासून देश वाचवायचा म्हणतो, तर आधी झालं काय हे तरी एकमेकांना सांगायला नको?

---

आपला_बंड्या

भावोजींना सांगा, आमच्याकडे उंदराने केबल कुरतडली तरी पाकिस्तानचं नाव घेतात. 😄 बाकी वाचतोय.

---

निवृत्त_ऑपरेटर

धागा चांगला आहे, पण एक घोळ आधीच निस्तरू. मी बत्तीस वर्षं उपकेंद्रांत काढली, त्यातली शेवटची काही कंट्रोल रूममध्ये.

वीज कंपनीत दोन वेगळी विश्वं असतात. एक ऑफिसचं: बिलं, पगार, ईमेल, निविदा. दुसरं स्काडाचं, म्हणजे लांबून उपकेंद्रं बघायच्या आणि चालवायच्या यंत्रणेचं. उपकेंद्रातलं आरटीयू नावाचं उपकरण व्होल्टेज, करंट, ब्रेकरची स्थिती हे सगळं केंद्राकडे पाठवत राहतं आणि तिथला माणूस स्क्रीनवर बघून हुकूम देतो. पहिल्या विश्वात व्हायरस सापडला म्हणजे दुसरं हातातून गेलं असं नाही. पण पहिल्यातून दुसऱ्यात जायची वाट कुणीतरी सोयीसाठी उघडी ठेवलेली असते. साहेबांना केबिनमध्ये बसून लोड बघायचा असतो ना! "एवढी एक केबल जोडून द्या" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय ते विचारू नका.

आता १२ ऑक्टोबर. मुंबईला आयलंडिंग आहे. राज्याचं ग्रिड डगमगलं की शहर आपोआप सुटं होतं आणि ट्रॉम्बे, डहाणूच्या विजेवर तगतं. पण त्यासाठी शहराच्या पोटात भाराच्या तोडीची निर्मिती त्या क्षणी चालू असावी लागते. बाहेरची वीज स्वस्त पडते म्हणून घरचे संच बंद किंवा मंद ठेवले असतील, तर सुटं झालेलं बेट बुडतंच. फ्रिक्वेन्सी घसरते, रिले, म्हणजे बिघाड दिसला की वीज तोडणारी उपकरणं, एकामागून एक ट्रिप होतात. याला ना चीन लागतो ना उंदीर.

म्हणून मला बिघाडाची कहाणी पटते. पण शॅडोपॅडवालीही खोटी वाटत नाही. दोन्ही खऱ्या असू शकतात, फक्त एकमेकींशी संबंध नसलेल्या. चोर घरात येऊन कपाटामागे लपलाय आणि त्याच रात्री फ्यूज उडाला, तर फ्यूज चोरानेच काढला असं होत नाही. चोर मात्र कपाटामागे आहेच.

---

फ्यूज_उडालेला

काका, तो चोर तिथे करतो काय पण? वीज घालवायची नसेल तर शिरायचं कशाला?

---

निवृत्त_ऑपरेटर

बसून राहतो. कुठला ब्रेकर कुठे, कुणाची शिफ्ट कधी, कोण रजेवर, सगळं टिपतो. लढाई लागली तर उपयोगी पडतं, नाही लागली तर समोरच्याला फक्त "आम्ही आत आहोत" एवढं कळलं तरी पुरतं. एप्रिल २०२२मध्ये त्याच रेकॉर्डेड फ्यूचरने पुन्हा सांगितलं की लडाखजवळच्या भागातल्या सात राज्य भार प्रेषण केंद्रांवर डोळा होता. तेव्हा सिंह साहेबांनी प्रयत्न झाल्याचं मान्य केलं आणि ते फसले असं म्हणाले. चीनने अर्थातच हात वर केले.

प्रत्यक्षात वीज घालवली कशी जाते हे बघायचं तर युक्रेन बघा. २३ डिसेंबर २०१५. तीन वितरण कंपन्या, सव्वा दोन लाखांच्या आसपास ग्राहक, ऐन थंडी. सुरुवात काही महिने आधी एका ईमेलने झाली होती. वर्ड-एक्सेलची फाइल, उघडल्यावर मॅक्रो चालू करा म्हणते. कुणीतरी केलं. तिथून पासवर्ड चोरत चोरत ते स्काडापर्यंत पोचले. त्या दुपारी ऑपरेटर खुर्चीत बसून बघतोय आणि स्क्रीनवरचा माउसचा बाण आपला आपण फिरतोय, एकेक ब्रेकर उघडतोय! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात गोळा आला होता. आयुष्यभर तीच खुर्ची माझी होती हो.

बरं, एवढ्यावर थांबले नाहीत. ग्राहकांना तक्रार करता येऊ नये म्हणून कॉल सेंटरवर खोट्या फोनचा मारा केला. लांबून ब्रेकर परत लावता येऊ नये म्हणून मधल्या उपकरणांचं फर्मवेअर, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, खराब केलं. कंट्रोल रूमचा यूपीएससुद्धा बंद पडेल अशी सोय केली.

आणि तरी एक ते सहा तासांत वीज परत आली. कशी? माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि ब्रेकर हाताने लावले. जुनी यंत्रणा, जुनी माणसं. आता आपल्याकडे उपकेंद्रं मानवरहित करायची टूम आहे. करा, पण हँडल कुठे ठेवलंय आणि ते फिरवायचं कसं हे माहीत असलेला एक तरी माणूस तासाभराच्या अंतरावर ठेवा.

---

उरणची_पोर

काकांचा प्रतिसाद जपून ठेवलाय.

युक्रेनचा विषय निघालाच आहे तर: त्याचे शिंतोडे आमच्या अंगणात उडाले होते. २७ जून २०१७, नॉटपेट्या नावाचा मालवेअर. हल्ला युक्रेनवर होता. तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सोडला आणि तिथून जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश शिपिंग कंपनीचं सगळं जाळं आडवं झालं आणि तिच्याच समूहाकडे आमच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल आहे. झालं! कुठला कंटेनर कुणाचा, कुठे ठेवलाय, कुठल्या ट्रकवर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच मुकी.

माझे मामा ट्रेलर चालवायचे. गेटच्या बाहेर रांगेत दीड दिवस बसून होते, वडापाव आणि पाऊस. त्यांना कुणी सांगितलं "रशियाने केलंय", तर म्हणाले, "रशियाचं आणि माझं काय वाकडं?" खरंच काय वाकडं होतं? मर्स्कच्या अध्यक्षांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. त्यांचं हे उघडपणे बोलणं मला फ्यूज यांच्या मुद्द्याशी जोडलेलं वाटतं. खासगी कंपनी, शेअर बाजाराची भीती, तरी बोलली.

---

माजी_सुभेदार

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. झालं ते गावभर सांगा, हे मला पटत नाही. गोळी कुठे लागली हे सैनिक शत्रूला ओरडून सांगत नाही. आमचा कुठला सर्व्हर भेदला गेला, किती दिवसांनी आम्हाला कळलं, हे छापलं की पुढच्या वेळी तो अचूक नेम धरणार. तीन मंत्री तीन गोष्टी बोलले हे चूक, मान्य. त्यावरचा उपाय एकाने बोलणं हा आहे, सगळ्यांनी सगळं बोलणं नव्हे.

दुसरं. तुम्ही सगळे यंत्रांबद्दल बोलताय. हेरगिरी यंत्रातून कमी आणि माणसातून जास्त होते. डिसेंबर २०१९मध्ये विशाखापट्टणमच्या प्रकरणात नौदलाचे सात जण पकडले गेले. सुरुवात फेसबुकवरच्या बायकांच्या खोट्या खात्यांपासून झाली होती. त्यानंतर नौदलाने तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन बंद केले. २०२०मध्ये लष्कराने ८९ ॲप मोबाइलमधून काढायला लावली. आणि पुण्यात मे २०२३मध्ये डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकांना एटीएसने अटक केली. पाकिस्तानी हेराशी व्हॉट्सॲपवर बोलत होते असा आरोप आहे. कोर्ट काय ठरवायचं ते ठरवेल. पण एवढ्या शिकलेल्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न उभा राहतो, तर एकोणीस वर्षांच्या पोराचं काय? माझ्या युनिटमधल्या पोरांना मी एकच सांगायचो: अनोळखी पोरगी तुला रात्री अकराला "जेवलास का" विचारते, तर आधी आरशात बघून ये.

---

आपला_बंड्या

सुभेदार साहेब, आरसा काढून ठेवलाय घरातला. 😂

---

फ्यूज_उडालेला

सुभेदार साहेब, मुद्दा रास्त आहे. पण तमिळनाडूतलं कुडनकुलम आठवा. २०१९ साली अणुऊर्जा केंद्राच्या नेटवर्कमधली माहिती चोरणारा डीट्रॅक नावाचा मालवेअर संशोधकांच्या हाती लागला. २९ ऑक्टोबरला अणुऊर्जा केंद्राकडून खुलासा आला: खोटी माहिती आहे, असा हल्ला शक्यच नाही. दुसऱ्या दिवशी, ३० ऑक्टोबरला, अणुऊर्जा महामंडळाने मान्य केलं की हो, मालवेअर सापडला होता, प्रशासकीय कामाच्या संगणकात. सर्ट-इनने ४ सप्टेंबरलाच कळवलं होतं आणि अणुभट्टीच्या यंत्रणेला धक्का नाही.

आता बघा, दुसऱ्या दिवसाचा खुलासा दिलासा देणाराच होता! पहिल्या दिवशीच तो दिला असता तर लोकांनी ऐकून सोडून दिलं असतं. "शक्यच नाही" म्हटल्यामुळे खऱ्यावरचाही विश्वास उडाला. शत्रूला सगळं आधीच माहीत होतं, आत तोच होता. माहीत नव्हतं ते फक्त आपल्याला.

---

सहकारातला

मी पुण्यातल्या एका छोट्या सहकारी बँकेच्या आयटीत आहे. नाव विचारू नका, नोकरी हवीय.

ऑगस्ट २०१८मध्ये कॉसमॉस बँकेचं झालं तेव्हा आमच्याकडे धावपळ उडाली होती. ११ ऑगस्टचा शनिवार आणि १३चा सोमवार. एकूण ९४ कोटी ४२ लाख. त्यातले साडेऐंशी कोटी बनावट कार्डांनी एटीएममधून, २८ देशांत. उरलेले जवळपास १४ कोटी स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून, हाँगकाँगच्या खात्यात. युक्ती काय होती? एटीएम विचारतं, "या कार्डावर पैसे आहेत का?" तो प्रश्न बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत जाऊच दिला नाही. मध्ये एक खोटा स्विच (एटीएमचे प्रश्न बँकेकडे पोचवणारी यंत्रणा) बसवला, तो प्रत्येकाला "आहेत, द्या" म्हणायचा. ग्राहकांच्या खात्यातून एक पैसा वजा झाला नाही. गेले ते बँकेचे.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ही चोरी उत्तर कोरियाच्या नावावर टाकली. म्हणजे निर्बंधांमुळे अडचणीत आलेला देश पैसा कुठून उभा करतो, तर पुण्यातल्या गणेशखिंड रस्त्यावरच्या बँकेतून. चोर पकडायला गेलात तर हाती लागतात एटीएमसमोर कार्ड घेऊन उभी असलेली प्यादी. अकरा जणांना पुण्याच्या कोर्टाने २०२३मध्ये शिक्षा दिली. ज्याने स्विच बसवला तो कुठे, ते तुम्हीच ओळखा.

सुभेदार साहेबांना एवढंच सांगतो: ती युक्ती कशी केली हे तपशिलात बाहेर आलं म्हणून आमच्यासारख्यांनी दुसऱ्याच आठवड्यात आपले स्विच तपासले. आमच्याकडे काय सापडलं ते सांगत नाही. (बघा, मीही झाकतोच आहे!)

---

टेबल_क्रमांक_चार

लिहू की नको असं चाललं होतं. मी एका नगरपरिषदेत आहे. आमच्याकडे जन्म-मृत्यू दाखल्यांच्या संगणकाचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला आहे, एकादशीच्या चौकटीत. विंडोज कुठून आणलं ते दुकानदारालाच माहीत. मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी महाराष्ट्र सायबरने सांगितलं की १५ लाखांहून जास्त हल्ले झाले आणि त्यातले १५० यशस्वी ठरले. साहेबांनी मीटिंग घेतली, "सतर्क राहा" म्हणाले. सतर्क म्हणजे काय करायचं ते ना त्यांनी सांगितलं, ना आम्ही विचारलं. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर "डान्स ऑफ द हिलरी नावाचा व्हिडिओ उघडू नका" हा मेसेज मात्र सतरा वेळा आला.

२०२२पासून नियम आहे की काही घडलं तर सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं. आमच्याकडे एकदा सगळ्या फाइलींची नावं बदलली आणि पैसे मागणारी चिठ्ठी स्क्रीनवर आली. कळवायचं कुणी यावरच चार दिवस टिपणी फिरली. शेवटी संगणक फॉरमॅट केला. वर कळवलं: हार्ड डिस्क नादुरुस्त.

---

माजी_सुभेदार

ताई, हे भयंकर आहे. आणि हे कळवलं नाही याला माझं समर्थन नाही. लोकांना न सांगणं वेगळं आणि वरिष्ठांना न सांगणं वेगळं. फौजेत दुसऱ्याला कोर्ट मार्शल आहे.

---

टेबल_क्रमांक_चार

आमच्याकडे उलट आहे, साहेब. कळवलं असतं तर चौकशी माझ्यावर लागली असती. संगणक माझ्या नावावर आहे.

---

तालिनकर

उशिरा आलो. मूळचा सांगलीचा, नऊ वर्षं एस्टोनियात आहे. या देशाची लोकसंख्या साडेतेरा लाख, म्हणजे ठाणे शहराहून कमी. २००७च्या एप्रिलमध्ये इथल्या सरकारने सोव्हिएत काळातला एक पुतळा राजधानी तालिनच्या मध्यातून सैनिकी दफनभूमीत हलवला. रशियन भाषक भडकले, दंगल झाली, आणि त्यासोबत तीन आठवडे सरकारी संकेतस्थळं, वर्तमानपत्रं आणि बँका यांच्यावर इंटरनेटवरून मारा. बँकांनी काही काळ परदेशातून येणारी वाहतूक तोडली. ज्यांचं सगळं ऑनलाइन त्यांचीच दुकानं बंद.

इथे मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी नंतर काय केलं. यांच्याकडे होमगार्डसारखं एक स्वयंसेवी दल आहे, त्यात सायबर तुकडी काढली. बँकेतला, दूरसंचार कंपनीतला, विद्यापीठातला माणूस हौसेने सरावाला जातो. माझा एक सहकारी जातो. तो सांगतो की सरावाचा अर्धा वेळ "कुणाला फोन करायचा" यातच जातो, टेबल चार ताईंची टिपणी इथेही फिरलेली असणार! २००८मध्ये नाटोचं सायबर संरक्षण केंद्र इथेच आलं. आणि सरकारी नोंदींची एक प्रत लक्झेंबर्गमध्ये ठेवतात, तिला वकिलातीसारखा दर्जा आहे. उद्या रशियाने जमीन घेतली तरी सातबारा शाबूत!

आपल्याला हे जसंच्या तसं जमणार नाही, आपला पसारा वेगळा. पण ताईंसारख्या माणसाला न घाबरता सांगता यावं, एवढं तरी जमायला हवं. इथे चूक कळवणाऱ्याला आधी चहा देतात. (कॉफी. चहा यांना जमत नाही.)

---

निवृत्त_ऑपरेटर

विमानवाल्यांकडे ही पद्धत आहे, "मी चुकलो" म्हणणाऱ्याला सहसा शिक्षा नाही. आमच्याकडे ट्रिपिंगचा अहवाल लिहिताना पहिलं वाक्य "पक्षी बसल्यामुळे" असं असायचं. महाराष्ट्रातल्या पक्ष्यांवर फार अन्याय झालाय.

---

फ्यूज_उडालेला

काका 😂

ठरवलं. माहिती अधिकारात सर्ट-इनकडे अर्ज टाकतो: १२ ऑक्टोबरबद्दल तुमच्याकडे काय आहे?

---

सहकारातला

तिथे उपयोग नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकारातून वगळलंय. महत्त्वाच्या यंत्रणा सांभाळणारी एनसीआयआयपीसी ही संस्था ज्या एनटीआरओ या तांत्रिक गुप्तचर संस्थेखाली येते, तीही आधीपासून त्याच यादीत.

---

माजी_सुभेदार

हे मात्र मलाही जरा जास्तच वाटतं. राज्याकडे टाका. महाराष्ट्र सायबरचा अहवाल राज्याचा आहे.

---

फ्यूज_उडालेला

राज्याकडेच टाकतो मग, गृह आणि ऊर्जा दोन्हीकडे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प अजून लागतो ना?

---

टेबल_क्रमांक_चार

लागतो, किंवा ऑनलाइन भरा. दोन खात्यांना दोन वेगळे अर्ज करा, एका अर्जात एकच विषय. आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवा, नाहीतर परत येतो. तुमचा धागा बघता हेच अवघड जाणार.